वऱ्हाडातील गावशाळा आणि निकालाचे माप

नागपूरकडून अमरावतीकडे येणारा हमरस्ता वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडात शिरतो, आणि तिवसा मागे पडल्यावर थोड्याच अंतरावर गुरुकुंज मोझरी लागते. १९३५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी येथे आश्रमाची स्थापना केली, तेव्हापासून या उघड्या माळाला तीर्थाचे माहात्म्य प्राप्त झाले. महाराजांच्या समाधीचे दर्शन, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आणि दासटेकडी यांच्या ओढीने गावोगावचे लोक येथे येतात. या आश्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याच्या भोवती, काळ्या कपाशीच्या जमिनीत विखुरलेल्या खेड्यांतून, दीड शतकाहून अधिक काळ जी एक संस्था मुकाट्याने चालत आली, जिच्यावर प्रत्येक राजवटीने अपयशाचा शेरा मारला आणि जिचा खर्च भागविण्यास प्रत्येक राजवटीने हात आखडता घेतला, त्या सरकारी गावशाळेचा इतिहास मात्र दफ्तरांच्या गठ्ठ्यांत बांधलेला राहिला आहे. या शाळांचा निकाल कोणी, केव्हा, कोणत्या मापाने मोजला आणि ते माप खरोखर कशाचे होते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या पुरुषाच्या नावाने मोझरी ओळखली जाते, ते माणिक बंडोजी इंगळे १९०९ मध्ये यावली येथे जन्मले, आणि त्यांचे शालेय शिक्षण मराठी प्राथमिक इयत्तांच्या पलीकडे गेले नाही. त्यांच्या आधी, १८७६ मध्ये, याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांना तर शाळेची पायरीही चढता आली नाही. शिक्षणखात्याच्या हिशेबाने पाहिले तर यांतील एक गळतीच्या रकान्यातला आणि दुसरा पटाबाहेरचा. या दोन नावांचा आधार घेऊन शाळेवाचूनही माणूस मोठा होतो असे म्हणण्याची एक सवय आपल्याकडे आहे, आणि ती मला अत्यंत अनुचित वाटते. कारण स्वतः गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून ताट-वाट्या विका पण पोरांना शिकवा असा उपदेश जन्मभर केला, आणि तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'च्या ४१ अध्यायांपैकी एक संपूर्ण अध्याय जीवनशिक्षणासाठी खर्ची घातला. शाळा सुटल्याची किंमत काय असते, हे ज्यांची शाळा सुटली त्यांनाच अधिक ठाऊक होते.

आता थोडे मागे गेले पाहिजे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, आणि पुढील पंधरा वर्षांत या भूमीचे स्वरूप पालटले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला तेव्हा वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि खामगाव, अकोला, अमरावती या पेठांतून कापसाच्या गाठी थेट बंदराकडे जाऊ लागल्या. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण आजही अभिमानाने उच्चारतो. परंतु ते सोने पेठेत, सावकाराच्या वहीत आणि सरकारी जमाबंदीत साठत गेले. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतल्याबद्दल निजामाला सालिना २५ लक्ष रुपये मिळत राहिले. आणि ज्या कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या श्रमातून ती रक्कम उभी राहिली, त्याच्या मुलाच्या शाळेला बहुधा गावचे देऊळ, चावडी किंवा एखाद्या वाड्याची पडवी एवढेच छप्पर मिळाले. श्रीमंत मुलखातील दरिद्री शाळा हे वऱ्हाडचे वैशिष्ट्य तेव्हापासूनचे आहे.

१८६६ मध्ये वऱ्हाडासाठी स्वतंत्र शिक्षणखाते स्थापन झाले. त्यापूर्वी पंतोजींच्या गावठी शाळा होत्या, आणि त्यांचे मोल आजच्या दृष्टीने कमी लेखण्याचे कारण नाही. धूळपाटीवर मोडीची वळणे गिरवणे, उजळणी, आणि पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांचे मुखोद्गत पाढे एवढाच त्यांचा अभ्यासक्रम असे. परंतु औटकी पाठ असलेला मुलगा कापसाच्या काट्याजवळ उभा राहिला तर व्यापाऱ्याची आकडेमोड तोंडी पडताळू शकत असे, आणि पंतोजीची योग्यता ठरविण्यास गावाला तेवढे प्रमाण पुरे होते. अर्थात या शाळेत प्रवेश होता तो उच्चवर्णीयांच्या आणि थोड्या सधन घरांच्या मुलांना. मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्यांची मुले नव्हती, मोलमजुरी करणाऱ्यांची मुलेही जवळजवळ नव्हतीच. सरकारी शाळेने हे दार निदान कागदावर सर्वांना उघडे केले, हा तिचा मोठा गुण इतिहासाने मान्य केला पाहिजे. मात्र दार उघडताना तिने निकालाची फूटपट्टीही बरोबर आणली.

ही फूटपट्टी विलायतेहून आली होती. १८६२ मध्ये रॉबर्ट लो याच्या पुढाकाराने इंग्लंडात असा नियम झाला की शाळेचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणित यांत निरीक्षकापुढे उत्तीर्ण होणाऱ्या मुलांच्या संख्येवर ठरावे. या नियमामुळे गरीब वस्तीतील शाळा अधिक गरीब झाल्या, शिक्षकांनी परीक्षेपुरते पाठांतर करून घेतले, आणि अखेर सुमारे ३५ वर्षांनी इंग्लंडने ही पद्धत टाकून दिली. पण त्यापूर्वीच ती हिंदुस्थानात रुजू झाली होती, आणि १८८२ च्या हंटर कमिशनने गावठी शाळांना निकालाच्या प्रमाणात साहाय्य देण्याची शिफारस केली.

याच कमिशनपुढे १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन आजही प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने मुळातून वाचावे अशा योग्यतेचे आहे. निकालावर पैसे देण्याची रीत गरीब व अज्ञ जनतेच्या शिक्षणास सर्वथा अयोग्य आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले, आणि कारणही दिले: ज्या समाजात विद्येची गोडी अद्याप निर्माण व्हावयाची आहे, तेथे आपल्या जबाबदारीवर शाळा काढून निकालाच्या भरवशावर पोट भरण्यास कोणता शिक्षक धजावेल? म्हणून अशा लोकांसाठी सरकारने स्वतः शाळा चालवाव्यात, विशेष उत्तेजन द्यावे, बारा वर्षे वयापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, आणि शिक्षकाला पोटापुरता निश्चित पगार द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुष्कळ मुले पास करणाऱ्या शिक्षकाला पगाराखेरीज काही भत्ता मिळावा हेही त्यांना मान्य होते. म्हणजे गुणाची कदर त्यांना नको होती असे नव्हे, तर भाकर आधी आणि बक्षीस नंतर हा क्रम त्यांना हवा होता. शेतकऱ्याच्या घामातून उभा राहणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्यांचा आक्षेप मुंबई इलाख्यापुरता असला तरी वऱ्हाडला तो अक्षरशः लागू पडत होता.

गावशाळेच्या निकालाचे खरे कारण पाहावयाचे असेल तर शाळेच्या वेळापत्रकाशेजारी शेतीचे वेळापत्रक ठेवावे. जूनमध्ये नवी नावे पटावर चढतात. श्रावणात निंदण आणि डवरण सुरू झाले की पहिली पडझड होते, कारण आई निंदायला जाते आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी आठ-नऊ वर्षांची मुलगी घरी थांबते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात, आणि वेचणीचा हंगाम संक्रांतीपर्यंत, फरदड ठेवली तर त्याही पुढे, चालत राहतो. कमरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकायचे, फुटलेल्या बोंडातून पाकळीचा काडीकचरा न येऊ देता कापूस ओढून घ्यायचा, आणि सायंकाळी वजनावर मजुरी मोजून घ्यायची, असे हे काम आहे. मजुरी वजनावर असल्यामुळे लहान हातांनी वेचलेला प्रत्येक शेरही घरच्या मिळकतीत भर घालतो. सहामाही परीक्षा नेमकी याच दिवसांत येते. अशा मुलाला परीक्षेत गुण कमी पडले तर त्याची बुद्धी कमी ठरत नाही आणि मास्तरांची कसूरही सिद्ध होत नाही. परंतु तपासणीस आलेल्या डेप्युटी साहेबांच्या शेरेबुकात ओटीला रकाना नसे, आणि म्हणून अपयश लिहिले जाई ते मुलाच्या आणि मास्तरांच्या नावावर.

एका दफ्तरात मात्र हे सत्य नोंदले जात होते. शाळेच्या लाकडी पेटीत जपून ठेवलेल्या दाखलखारीज रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण अशी नोंद ओळीने केलेली असे. बोरूच्या वळणदार अक्षरांत लिहिलेल्या या शेवटल्या रकान्यातून सतत गैरहजर, घरकाम, परगावी गेला असे दोन-तीन शब्दांचे खुलासे पानामागून पान येत राहतात. आज ही जुनी रजिस्टरे पुष्कळ उघडली जातात, पण ती जातपडताळणीसाठी. पणजोबाच्या नावापुढील जातीचा उतारा मिळाला की पान मिटले जाते, आणि त्याच ओळीच्या शेवटी पणजोबाची शाळा कोणत्या कारणाने सुटली याकडे कोणी पाहत नाही. वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाचे एवढे विश्वसनीय साधन दुसरे क्वचितच असेल, आणि एखाद्या विद्यापीठाने एका तालुक्याच्या दाखलखारीजचा हा एकच रकाना संगतवार वाचून काढावा, असे मला मनापासून वाटते.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. १९२० च्या कायद्यांनी प्राथमिक शाळांचा भार जिल्हा कौन्सिलांवर आला, आणि इच्छा असल्यास सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभाही त्यांना मिळाली. इच्छा असल्यास, म्हणजे व्यवहारात पैसा असल्यास. १९२३ मध्ये अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज उघडले, ही वऱ्हाडच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होती. पण कॉलेजापर्यंत पोहोचण्यासाठी खेड्यातल्या मुलाला किती गावे बदलावी लागत, हे पंजाबराव देशमुखांच्या चरित्रावरून कळते. १८९८ मध्ये पापळ येथे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या या मुलाला पुढील इयत्तांसाठी आधी चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती असे मुक्काम हलवावे लागले. जेथे घरचे लोक कर्ज काढून पाठीशी उभे राहिले तेथे एडिंबरो आणि ऑक्सफर्डपर्यंत मजल गेली. जेथे तशी ऐपत नव्हती तेथे तीच बुद्धी गावाच्या शिवेवर थांबली.

विलायतेहून परतलेल्या पंजाबरावांनी या अनुभवाचे जे केले त्याला वऱ्हाडच्या शिक्षणेतिहासात तोड नाही. त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविले. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा पुरस्कार केला, आणि त्यासाठी शिक्षणाचा कर वाढविण्याचे अप्रिय काम अंगावर घेतले. कर वाढविणारा पुढारी लोकप्रिय होत नाही, हे त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण शाळेचा निकाल तिजोरीत लिहिला जातो हे त्यांना अचूक उमगले होते. १९३० मध्ये ते प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, आणि पुढे थोड्याच काळात श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा जन्म झाला.

पंजाबराव कौन्सिलात शाळा वाढवीत असतानाच, १९२९ मध्ये, हार्टोग समितीचा अहवाल आला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या प्रत्येक १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ होती, हा त्यातील आकडा विदारक होता आणि खोटा नव्हता. खोटा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. शाळा फार झाल्या, त्यांवरील पैसा वाया जातो, म्हणून नव्या शाळा काढण्यापेक्षा आहेत त्यांचे एकत्रीकरण आणि दृढीकरण करावे, असे समितीने सुचविले, आणि खर्च टाळू पाहणाऱ्या सरकारांना हा सल्ला फार सोयीचा वाटला. उरलेली ८२ मुले कोठे गेली याचे उत्तर कपाशीच्या धुऱ्यावर होते. ते शाळांची संख्या घटवून सापडणारे नव्हते.

१९३७ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावातील दानशूरांनी जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, शिक्षकाला दरमहा किमान १५ रुपये मिळावे, असा तिचा आराखडा होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या परिषदेत गांधीजींची नयी तालीम आकारास आली. झाकिर हुसेन समितीने सात वर्षांचे मातृभाषेतील, हस्तोद्योगावर उभारलेले शिक्षण सुचविले. मोझरीपासून नदीपलीकडचा हा जिल्हा, आणि तेथील विचारांचे वारे गुरुकुंजात पोहोचले नसते तरच नवल. उद्दिष्ट उदात्त होते याविषयी शंका नाही. परंतु विद्यामंदिराच्या मुळाशी एक दोष होता: जेथे जमीनदार सधन आणि उदार तेथे शाळेला शेत मिळणार, आणि जेथे सगळेच कोरडवाहू व कर्जबाजारी तेथे काही मिळणार नाही. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना मंदावली.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या. जिल्हा कौन्सिलांच्या जागी साधारणतः प्रत्येक तहसिलीला एक स्वतंत्र सभा, तिच्याकडे रस्ते, दवाखाने आणि प्राथमिक शाळा, अशी ही व्यवस्था होती. कारभार लोकांच्या जवळ आला हे खरे; कोणत्या गावी मास्तर नाही, कोठे छप्पर गळते, हे सभासदाला स्वतः दिसू लागले. पण लहान मुलखाचा महसूलही लहान असतो. ज्या तहसिलीची जमीन हलकी आणि पेठ दूर, तिला आपल्याच दरिद्री रयतेवर बसविलेल्या उपकरातून आपल्या दरिद्री शाळा चालवाव्या लागत, आणि मग तिच्या मुलांची तुलना पेठेच्या गावातील मुलांशी एकाच परीक्षेत होई. वरून पुरेसा पैसा न देता केलेले विकेंद्रीकरण हे गरिबीचेच विकेंद्रीकरण ठरते, याचा अनुभव जगात इतरत्रही आला आहे. अमेरिकेत स्थानिक घरपट्टीवर पोसल्या जाणाऱ्या शाळांची कथा याहून वेगळी नाही.

या काळात गुरुकुंजाने जे केले ते शाळेच्या चौकटीबाहेरचे होते, आणि म्हणूनच शाळेच्या उपयोगाचे होते. श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव उभ्या राहिल्या. पहाटेचे ध्यान, ग्रामसफाई, सायंप्रार्थना आणि खंजिरीच्या भजनातून दारू, हुंडा व उधळपट्टी यांचा निषेध असा त्यांचा कार्यक्रम असे. १९५५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या, ४६७५ ओव्यांच्या 'ग्रामगीते'त एकोणिसावा अध्याय जीवनशिक्षणाचा आणि त्याला लागूनच विसावा महिलोन्नतीचा आहे. केवळ पुस्तकी विद्येने मुलगा शेतालाही मुकतो आणि नोकरीलाही, म्हणून अक्षर आणि श्रम यांची फारकत करू नये, हा जीवनशिक्षणाच्या अध्यायाचा आशय आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरुकुंजात भरणारी सुसंस्कार शिबिरे हा त्याच विचाराचा विस्तार होय. ज्या घरात दारू सुटली त्या घरातील मुलाची पाटी-पुस्तके वेळेवर आली असतील, आणि ज्या गावाने एकत्र बसण्याची सवय लावून घेतली त्या गावाने मास्तरांची विचारपूस केली असेल. याची आकडेवारी नाही, आणि कोणत्याही डेप्युटीने ती मागितलीही नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून निश्चितपणे येऊ लागला, आणि फुल्यांनी ८० वर्षांपूर्वी मागितलेली एक गोष्ट प्रत्यक्षात आली. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने गळती आणि नापासी यांची पुन्हा चिकित्सा केली. मराठी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लक्ष विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून दाखवून दिले की मुलाच्या शालेय यशाशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा त्याच्या घरच्या परिस्थितीचे नाते अधिक दृढ आहे. त्यांच्या निष्कर्षाचा पुढे शाळांवर खर्च कशाला, असा विपरीत अर्थही लावला गेला. मला त्याचा अर्थ उलट दिसतो: घर जितके दुर्बळ, तितकी शाळा अधिक सबळ असली पाहिजे.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आठवीपर्यंत नापास करणे काही वर्षे थांबले, आणि जुन्या निकालपत्रकाची जागा नव्या मोजमापांनी घेतली. त्यांतील 'असर' ही २००५ पासून चाललेली पाहणी मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तिचे पाहणीकार शाळेत न जाता खेड्यातील घरी जातात आणि पाचवीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का, हे उंबऱ्यावर बसून पाहतात. त्या दिवशी शाळेत न आलेले मूलही त्यामुळे मोजले जाते. त्यातून येणारे चित्र कठोर असते, आणि ते लपवू नये. परंतु माप सुधारले म्हणून उपाय सुधारतोच असे नाही. आजही तिवसा, चांदूर, मोर्शी या बाजूंच्या खेड्यांत कपाशीबरोबर सोयाबीनची सोंगणी आली आहे, तिचा हंगामही दिवाळीच्या तोंडावरच येतो; ऐपत असलेली घरे तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेची गाडी धरतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर उरतात ती बहुतांशी मजुरांची, भूमिहीनांची मुले. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे समायोजन करून समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले. त्यामागील कारणे वाचताना, १९२९ च्या हार्टोग अहवालाचे पान उघडून समोर ठेवले तर दोहोंतील तर्क फार वेगळे आढळणार नाहीत.